अकरा क्रिया आणि एक छायाचित्र : विमानासाठी घडवलेला कॅमेरा

ड्रोन विकत घेताना आज आपण लेन्स कोणती, चित्र हलते का, अशी चौकशी करतो. १९१५ च्या प्रारंभी फ्रान्समधील ब्रिटिश रॉयल फ्लाइंग कोअरपुढे हाच प्रश्न उभा होता. उघड्या, थरथरणाऱ्या, दोन आसनी विमानात कॅमेरा न्यावा तो कोणता? आजचा धागा त्या निवडीविषयी.

निवडीचे मोल कळण्यासाठी आधी उत्तर फ्रान्समधील नव्ह शापेल या गावी जाऊ. २८ ऑक्टोबर १९१४ रोजी ४७ वी शीख पलटण आणि खडकीच्या सॅपर्स अँड मायनर्सच्या दोन कंपन्या या गावात घुसल्या. घराघरांतून झुंज झाली, अखेर माघार घ्यावी लागली. सॅपर्सचे बहुतेक अधिकारी पडले अथवा जखमी झाले. शत्रूच्या फळीचा हवाई छायाचित्रांवरून काढलेला नकाशा तेव्हा कोणाजवळच नव्हता.

तो नकाशा मिळवायचा तर जमिनीवरचे घडीचे कॅमेरे फारसे उपयोगी नव्हते. त्यांचा भाता वाऱ्याच्या झोतात टिकत नसे. मूर-ब्रॅबझन (ब्रिटनचा वैमानिक परवाना क्रमांक १ यांचाच!) आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी थॉर्नटन-पिकार्ड कंपनीकडून नवा कॅमेरा करवून घेतला. त्याला 'ए' प्रकार म्हणतात. भात्याऐवजी निमुळती लाकडी पेटी, धरायला मुठी, आणि लेन्सचा फोकस कायमचा दूरवर पक्का केलेला. हजारो फुटांवरून सारेच दूर असते. मग फोकस जुळवण्यात वेळ का दवडावा?

फिल्म सोडून त्यांनी जड, फुटणारी काच निवडली. हे मला प्रथम विचित्र वाटले होते. परंतु छायाचित्रावरून अंतरे मोजायची होती. फिल्म वाकते, आक्रसते. काच सपाट राहते.

उणीव राहिली ती वापरण्यात. निरीक्षकाने विमानाबाहेर वाकून पेटी हातांत धरायची. पहिल्या काचेसाठी अकरा स्वतंत्र क्रिया, पुढच्या प्रत्येकीसाठी दहा. तेही थंडीने बधिर झालेल्या बोटांनी किंवा जाड हातमोज्यांतून. शिवाय हातातला कॅमेरा अचूक उभा खाली रोखणे जवळजवळ अशक्य, आणि तिरप्या चित्रावरून नकाशा काढणे कठीण.

तरीही १० मार्च १९१५ च्या हल्ल्यापूर्वी नव्ह शापेलसमोरची जर्मन फळी छायाचित्रांत आली. खंदकांच्या रेषा १:८००० प्रमाणाच्या नकाशावर उतरवून प्रत्येक कोअरला सुमारे १५०० प्रती वाटण्यात आल्या. भारतीय कोअरही या हल्ल्यात होती. गाव त्याच दिवशी हाती आले. मात्र ३९ व्या गढवाल रायफल्सची पहिली बटालियन दिशा चुकून उजवीकडे सरकली आणि तोफांनी न स्पर्शिलेल्या तारांवर जाऊन आदळली. धुराच्या लोटात नकाशातली रेषा डोळ्यांना दिसत नाही.

त्याच उन्हाळ्यात 'सी' प्रकार आला. हा कॅमेरा विमानाच्या अंगालाच जखडलेला असे आणि त्यात १८ काचा वरच्या पेटीत रचलेल्या असत. दांडा सरकवला की वापरलेली काच खालच्या पेटीत पडे व नवी पुढे येई. मग फक्त झडपेची दोरी ओढायची.