क्लास डी : एका बदनाम आवाजाची कुळकथा

क्लास डी ॲम्प्लिफायरचं नाव काढलं की जुने जाणते श्रोते आजही नाक मुरडतात. सबवूफरला चालेल, गाणं ऐकायला नको, असं त्यांचं म्हणणं. कुणाला त्याचा आवाज टोचतो, कुणाला तो मेलेला वाटतो. ही तक्रार एकेकाळी अगदी खरी होती. पण दोष मूळ कल्पनेचा कधीच नव्हता. कल्पना आधी जन्माला आली आणि तिला पेलणारे सुटे भाग कित्येक वर्षांनी आले.

नेहमीच्या ॲम्प्लिफायरमधला ट्रान्झिस्टर अर्धवट उघड्या नळासारखा काम करतो. वीज त्यातून अडखळत जाते आणि अडलेल्या विजेची उष्णता होते. क्लास ए मध्ये निम्म्याहून अधिक वीज अशी वाया जाते. क्लास बी ची मजल कागदावरसुद्धा 78.5 टक्क्यांपलीकडे नाही. क्लास डी मध्ये ट्रान्झिस्टर एकतर पूर्ण चालू असतो, नाहीतर पूर्ण बंद. गाण्याचा सिग्नल एका अतिवेगवान त्रिकोणी लहरीशी सतत ताडून पाहिला जातो आणि त्यातून सारख्या उंचीच्या, पण कमी-जास्त रुंदीच्या पल्स तयार होतात. शेवटी कॉइल आणि कपॅसिटरचा फिल्टर ती वेगवान कंपनं अडवतो आणि गाणं तेवढं स्पीकरकडे सोडतो. अशा रीतीने 90 टक्क्यांहून जास्त वीज स्पीकरपर्यंत पोचू शकते. याला सर्रास ‘डिजिटल’ म्हणतात, ते चुकीचं आहे. पल्सची रुंदी सलग बदलत असते, तिथे आकडे नसतात.

या कल्पनेचं श्रेय ॲलेक रीव्हज या ब्रिटिश संशोधकाला दिलं जातं. आवाजाचे आकडे करून पाठवण्याची पीसीएम पद्धत त्यांनीच 1930च्या दशकाच्या अखेरीस शोधली होती. पुढे सीडी त्याच पद्धतीवर उभी राहिली. क्लास डी ची कल्पना 1950च्या दशकातली. ती बाजारात आणली क्लाइव्ह सिंक्लेअर यांनी, 1964 साली, एक्स-10 नावाच्या जोडणी-संचाच्या रूपात. नाव दहा वॅटचं, प्रत्यक्षात मिळत अडीचच्या आसपास. त्या काळचे ट्रान्झिस्टर इतक्या वेगाने चालू-बंद होऊच शकत नव्हते. दोन वर्षांनी आलेल्या एक्स-20 ला जर्मेनियम ट्रान्झिस्टरच्या लहरीपणाने खाल्लं. बदनामीची सुरुवात इथूनच झाली. वेगवान फेट ट्रान्झिस्टर हाती आल्यावर सोनीने 1978 मध्ये टीए-एन88 काढला आणि ही गोष्ट घरच्या संगीतासाठीही जमू शकते, एवढं तरी दिसलं.

मग आवाज बिघडत होता तो कुठे? माझ्या मते या कुळकथेचा खरा गाभा इथे आहे. आळीपाळीने चालणारे वरचा आणि खालचा असे दोन ट्रान्झिस्टर एकाच वेळी चालू झाले तर पुरवठा शॉर्ट होतो, म्हणून दोघांच्या मध्ये काही नॅनोसेकंदांचा विराम ठेवावा लागतो. त्या विरामात सिग्नलचा आकार मोडतो आणि हलक्या आवाजात ते जास्त जाणवतं. तानपुऱ्याची तार छेडल्यावर विरत जाणारी जवारी ऐकणाऱ्याच्या कानाला ही मोडतोड नेमकी लागते. दुसरा दोष पुरवठ्याचा. पल्सची उंची म्हणजे पुरवठ्याचा व्होल्टेजच, त्यामुळे त्यातली प्रत्येक थरथर गाण्यात उतरते. तिसरा दोष सर्वांत फसवा. फिल्टर एका ठरावीक ओहमचा स्पीकर गृहीत धरून बनवलेला असतो. प्रत्यक्ष स्पीकरचा अडथळा त्याहून जास्त असला की वरचे सूर उसळतात, कमी असला की दबतात. म्हणजे ज्याला आवाज टोचला आणि ज्याला तो मेलेला वाटला, ते दोघेही खरं बोलत होते. यंत्र एकच, स्पीकर निराळे.

1998 मध्ये ट्रायपाथ कंपनीची टीए2020 ही चिप आली. कंपनी स्थापली होती आद्य त्रिपाठी यांनी, कॅलिफोर्नियात. दर चॅनेलला वीस वॅट देणाऱ्या या स्वस्त चिपवरचे छोटे ॲम्प्लिफायर ऐकून महागड्या यंत्रांच्या चाहत्यांनीही कान टवकारले. कंपनी 2007 मध्ये दिवाळखोरीत गेली, पण तोवर पूर्वग्रहाला पहिला तडा गेला होता.

तिसऱ्या, म्हणजे फिल्टर आणि स्पीकरच्या दोषावर उपाय उघड दिसत होता : फिल्टरच्या पुढून, थेट स्पीकरच्या टोकावरून फीडबॅक घ्यायचा, म्हणजे बाहेर पडणारा सिग्नल मागे आणून चूक दुरुस्त करायची. पण फिल्टरमुळे सिग्नलची कला (फेज) इतकी मागे पडते, की असा फीडबॅक दिल्यावर सर्किट स्वतःच कंप पावू लागतं. ब्रुनो पुट्झेस या बेल्जियन अभियंत्याने फिलिप्समध्ये असताना हीच अडचण कामाला लावली. सर्किटला मुद्दाम कंप पावू दिलं आणि तोच कंप पल्सची वारंवारता म्हणून वापरला. यूसीडी नावाची ही रचना 2001च्या सुमाराची. तिन्ही दोष एकाच फीडबॅकच्या कह्यात आले. क्लास डी च्या इतिहासात याहून देखणी युक्ती मला दिसत नाही. पुढे पुट्झेस यांनी हायपेक्स कंपनीसाठी एनकोर रचना केली आणि नंतर डेन्मार्कमध्ये लार्स रिस्बो व पीटर लिंगडॉर्फ यांच्याबरोबर प्युरिफाय कंपनी काढली. तिच्या ॲम्प्लिफायरमधली विकृती दहा लाखांत मोजके काही भाग इतकी खाली येते. मानवी कानाला तिथे काही हाती लागेल, असं मला वाटत नाही.

आज मोबाइल, टीव्ही, ब्लूटूथ स्पीकर, जाहीर सभेची ध्वनियंत्रणा, सगळीकडे क्लास डी आहे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर काही शे रुपयांत तयार बोर्ड मिळतो आणि त्याचा आवाज पुष्कळदा वाईटच असतो. कारण कॉइल हलकी, पुरवठा कमजोर आणि फीडबॅक फिल्टरच्या अलीकडून घेतलेला. त्यावरून सगळ्या जातीला नावं ठेवू नका. विकत घेताना 4 आणि 8 ओहमवरचे वारंवारतेचे आलेख मागा. ते 20 हजार हर्ट्झपर्यंत एकमेकांवर बसत नसतील, तर तो ॲम्प्लिफायर घेऊ नका.