शिवीच्या पोटातली शिवी

आमच्या शाळेत एक मास्तर होते. वर्गात गलबला वाढला की टेबलावर पट्टी आपटून विचारायचे, "काय रे, हा वर्ग आहे की मासळी बाजार?" आम्ही हसायचो. एक मुलगी मात्र हसत नसे. तिची आई सकाळी डोकीवर पाटी घेऊन दारोदार नुस्तें विकायची. आमच्याही दारात यायची. मास्तरांचे ते वाक्य त्या मुलीला कुठे लागत असेल, हे कळायला मला बरीच वर्षे लागली. कळले तेही एका इंग्रजी शब्दामुळे.

तो शब्द 'बिलिंग्जगेट'. लंडनला थेम्स नदीच्या काठी या नावाचा जुना मासळी बाजार होता. १६९९ साली पार्लमेंटने कायदा करून तो मासळीचा खुला बाजार ठरवला. १९८२ साली तो तिथून शहराच्या पूर्वेकडे हलवण्यात आला. पण इंग्रजीत या नावाला दुसराच अर्थ चिकटला आहे: अर्वाच्य, शिवराळ बोलणे. सतराव्या शतकापासून हा अर्थ चालू आहे. डॉ. सॅम्युअल जॉन्सन यांनी १७५५ च्या आपल्या प्रसिद्ध कोशात हा शब्द घेतला आणि त्याचा उलगडा करताना ही हलक्या लोकांच्या गर्दीची जागा असल्याचे सांगून टाकले. म्हणजे शिवराळपणाचे वर्णन करायला जो शब्द वापरायचा, तोच मासळी विकणाऱ्या बायकांना दिलेली शिवी!

मग मला नादच लागला. दुसऱ्याला कमी लेखणाऱ्या भाषेला इंग्रजीत कायकाय म्हणतात, ते शब्द मी उलगडून पाहू लागलो. 'पेजोरेटिव्ह'च्या मुळाशी लॅटिनमधला 'अधिक वाईट' हा अर्थ आहे. 'डिरॉगेटरी'च्या मुळाशी कायद्यातला काही भाग काढून टाकणे. हे दोन्ही तसे निरुपद्रवी. पण 'डेनिग्रेट' म्हणजे मुळात काळे करणे. आपणही तोंडाला काळे फासतो, कुळाला काळिमा लावतो. ज्याचा वर्णच काळा, त्याने हे ऐकून काय करावे, असा प्रश्न आपल्याला पडत नाही.

सगळ्यात नवल वाटले ते 'डिस्पॅरेज'चे. आज याचा अर्थ कुणाला तुच्छ लेखून बोलणे. जुन्या फ्रेंचमधून तो इंग्रजीत आला तेव्हा अर्थ होता, बरोबरीच्या नसलेल्या घरात लग्न लावून देणे. इंग्लंडच्या राजाने १२१५ साली दिलेल्या मॅग्ना कार्टा या सनदेच्या सहाव्या कलमात, वारसांची लग्ने असा कमीपणा न आणता व्हावीत, असे वचन आहे. १२३६ च्या मर्टनच्या कायद्यात, पालकत्वाखालच्या मुलाचे लग्न भूदासाशी किंवा शहरातल्या व्यापाऱ्याशी लावणाऱ्या सरदारासाठी शिक्षा सांगितली आहे. बेटीव्यवहाराचे सोवळे फक्त आपल्याकडेच होते असे समजणाऱ्यांनी हे कलम जरूर पाहावे. आणि त्या भूदासाचे पुढे काय झाले? मालकाच्या शेतवाडीवर राबणारा तो 'व्हिलन'. शतकानुशतके वरच्यांच्या तोंडी राहून तो शब्द बदमाश या अर्थावर आला. आज सिनेमात नायकाचा मार खातो तो हाच.

इंग्रजीला नावे ठेवून आपण मोकळे होऊ नये. आपले 'हिणवणे' हे 'हीण' या शब्दाच्या नात्यातले. सोन्याचांदीतली भेसळ म्हणजे हीण. समोरच्याला हिणवतो तेव्हा मी चोख आणि तू हिणकस, असेच आपण म्हणत असतो. 'गावंढळ' म्हणजे गावात राहणारा, एवढाच त्याचा गुन्हा. गंमत अशी, की 'गावठी' हाही तसाच हिणवणारा शब्द होता. पण आज बाजारात गावठी अंडी, गावठी भाजी म्हटले की भाव चढतो. माणसाला लावला की शब्द खाली, मालाला लावला की वर!

शिवी आपल्या लक्षात येते, कारण ती रागात दिलेली असते. पण ज्या शब्दांत आपण शिवीचे वर्णन करतो ते थंडपणे, सभ्य माणसांच्या तोंडून येतात. त्यांत मासळी विकणारी असते, कूळ असते, काळा माणूस असतो. आमचे मास्तर दुष्ट नव्हते. ती मुलगी त्यांच्या मनातसुद्धा नसेल. तिला लागायचे ते त्यामुळे कमी व्हायचे, असे मात्र नाही.

मागच्या चवथीच्या बाजारात ती भेटली. आता तिची मुलगी बँकेत आहे. धीर करून मी मास्तरांचा विषय काढला. ती हसली. म्हणाली, "अरे, ते मास्तर आईकडूनच बांगडे न्यायचे. आणि भाव करताना आवाज कोणाचा चढायचा, ठाऊक आहे तुला?"