एका वाक्यावर झालेली निवड

इ. स. १८५४ च्या उन्हाळ्यांत ओहायो संस्थानांतील एका बावीस वर्षांच्या तरुणापुढें तीन पत्रें पडलीं होतीं. जेम्स गारफील्ड हें त्याचें नांव. बाप लहानपणींच वारलेला. कालव्यावरील नावेवर मजुरी, सुतारकाम, खेड्यांतील शाळेंत मास्तरकी असें करीत करीत तो शिकलेला. येल, ब्राउन आणि विल्यम्स या तीन विद्यालयांच्या अध्यक्षांस त्यानें लिहिलें होतें, कीं आजवर माझा इतका अभ्यास झाला आहे, तर पदवीस आणखी किती काळ लागेल? तिघांचेंहि उत्तर एकच आलें: दोन वर्षें.

याच्या आधींची पायरी लोक सहसा विसरतात. गारफील्ड ज्या पंथाचा होता त्या पंथाचें बेथनी कॉलेज व्हर्जिनियांत होतें, व त्यानें तेथेंच जावें हें साहजिक होतें. त्यानें तें नाकारलें. तेथील अभ्यासक्रम तोकडा. तेथील कल गुलामगिरीकडे फार. आणि आपण जन्मापासून याच मताच्या मंडळींत वाढलों, तेव्हां आतां परक्यांत गेल्यानें दृष्टि मोकळी होईल, अशीं तीन कारणें त्यानें एका पत्रांत दिलीं आहेत. तिसरें कारण मला सर्वांत मोलाचें वाटतें. मुलासाठीं आपल्याच माणसांचें कॉलेज शोधणारे पालक मीं वर्षानुवर्षें पाहिले आहेत. परक्यांचें कॉलेज मुद्दाम मागणारा विद्यार्थी क्वचितच भेटला.

तिन्ही पत्रें कामापुरतीं, त्रोटक होतीं. पण विल्यम्सचे अध्यक्ष मार्क हॉपकिन्स यांनीं शेवटीं एक वाक्य अधिक घातलें होतें: आपण इकडे आलांत तर आमच्याकडून होईल तें करण्यांत आम्हांस आनंद वाटेल, अशा आशयाचें. बाकी सर्व गोष्टी जवळजवळ सारख्या, तेव्हां मित्रानें हात हातीं घ्यावा तशा या वाक्यानेंच निकाल लावला, असें गारफील्डनें लिहून ठेविलें आहे.

हा केवळ शिष्टाचार होता असें म्हणून सोडून देतां येईल. परंतु त्या कॉलेजाचा इतिहास पाहतां मला तसें वाटत नाहीं. १७५५ सालीं लढाईंत पडलेल्या कर्नल एफ्रेम विल्यम्सच्या मृत्युपत्रांतून मॅसॅच्युसेट्सच्या डोंगराळ कोपऱ्यांत १७९३ सालीं तें निघालें. (येथूनच १८०८ सालीं पदवी घेतलेला गॉर्डन हॉल १८१३ सालीं मुंबईस आला व अमेरिकन मराठी मिशनच्या संस्थापकांपैकीं एक झाला.) जागा इतकी आडवळणी, कीं कॉलेज दुसरीकडे हलविण्याचा खटपटी विचार फसल्यावर १८२१ सालीं अध्यक्ष मूर हे पंधराएक विद्यार्थ्यांसह तेथून बाहेर पडले आणि नव्या अ‍ॅम्हर्स्ट कॉलेजाचे पहिले अध्यक्ष झाले. जातांना त्यांनीं ग्रंथालयांतील पुस्तकेंहि पळविलीं, अशी थट्टा आजतागायत चालते. पुरावा कांहीं नाहीं. विल्यम्स मात्र बुडण्याच्या बेतास आलें होतें. माजी विद्यार्थ्यांनीं त्याच वर्षीं मंडळ स्थापून त्यास हात दिला. हॉपकिन्स हे तेथील १८२४ चे पदवीधर, म्हणजे या पडझडीनंतरचे दिवस त्यांनीं विद्यार्थिदशेंत पाहिलेले. एकेक विद्यार्थी मोजावा लागतो हें जाणणाऱ्या माणसाचें तें वाक्य आहे.

आज हीं दोन्ही कॉलेजें शंभर अर्जदारांपैकीं दहांनाहि प्रवेश देत नाहींत. क्रमवारीचे तक्ते समोर ठेवून मुलें त्यांत निवड करूं पाहतात. बहुतेकांच्या बाबतींत निवड कॉलेजच करतें, आणि तीहि नकाराची.

गारफील्ड १८५६ सालीं पदवीधर झाला. पुढें एका भोजनप्रसंगीं तो म्हणाला, कीं ओंडक्याच्या एका टोकास हॉपकिन्स आणि दुसऱ्या टोकास विद्यार्थी बसला कीं कॉलेज झालें. त्याचे शब्द निरनिराळे सांगतात, आशय हाच. १८८१ सालीं तो राष्ट्राध्यक्ष झाला. त्याच वर्षीं २ जुलै रोजीं विल्यम्सच्या समारंभास जाण्यासाठीं तो वॉशिंग्टनच्या स्टेशनांत शिरला आणि तेथें त्याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. १९ सप्टेंबरला तो वारला. त्याचे दोन मुलगे विल्यम्समध्येंच शिकून १८८५ सालीं पदवीधर झाले, व त्यांतला थोरला हॅरी १९०८ पासून १९३४ पर्यंत हॉपकिन्स यांच्याच खुर्चीवर बसला.