बाभळीचा काटा

उन्हाळ्याच्या सुटीत आजोळी गेलं की पायात बाभळीचा काटा मोडायचाच. आजी ओसरीवर बसून माझी टाच मांडीवर घ्यायची, सुईने काटा कोरून काढायची आणि तापवलेल्या बिब्ब्याचा चटका द्यायची. मी रडत बाभळीला नावं ठेवली की म्हणायची, "तिले शिव्या नको देऊ, माय. आपल्याच लबाडीनं शहारली ती."

माणसांची लबाडी पाहून बाभळीच्या अंगावर काटा आला, ही कल्पना कवयित्री बहिणाबाई चौधरींची, हे मला फार उशिरा कळलं. त्यांचं पुस्तक गावात आलं तेव्हा आजीचा धाकटा भाऊ रात्री कंदिलाशी बसून ते मोठ्याने वाचायचा. "हे तं आपलंच बोलनं," असं म्हणत बाया जवळ सरकायच्या. छापील पुस्तकात आपली बोली त्यांनी पहिल्यांदाच ऐकली होती.

जळगावजवळच्या आसोद्याला महाजनांच्या घरी १८८० मध्ये बहिणाबाईंचा जन्म झाला. तेराव्या वर्षी त्या जळगावच्या चौधरींची सून झाल्या. तिशीत वैधव्य आलं. पदरात तीन मुलं, डोक्यावर शेतीचा भार. त्या दुःखावरच्या गाण्यात त्या हात पाहायला आलेल्या ज्योतिषाला दारातूनच परत पाठवतात. जे व्हायचं ते होऊन गेलेल्या बाईला तो आणखी काय सांगणार?

मनाला त्यांनी मोकाट ढोराची उपमा दिली. रोज पिकातून ढोरं हाकलणाऱ्या बाईलाच ती सुचावी. हाकलताना तिला ठाऊक असतं की ढोर भुकेलं आहे. माणसाच्या स्वार्थावर त्या चिडतात, पण त्या चिडण्यात मला आईचा जीव दिसतो.

त्यांना लिहिता येत नव्हतं. कवी असलेला मुलगा सोपानदेव आणि नात्यातले पितांबर चौधरी यांनी गाणी टिपून ठेवली म्हणून ती राहिली. ३ डिसेंबर १९५१ ला बहिणाबाई गेल्या. सोपानदेवांनी आचार्य अत्र्यांना त्या गाण्यांची वही दाखवली आणि १९५२ मध्ये अत्र्यांच्या प्रस्तावनेसह 'बहिणाबाईंची गाणी' प्रसिद्ध झाली.

आजीही पहाटे जात्यावर गायची, आपल्याच मनाच्या ओव्या. मूठभर जोंधळे जात्याच्या तोंडात सोडायला हात थांबला की ओवीही थांबायची. अर्धवट झोपेत मी ते ऐकायचे. जातं आजही मामाच्या अंगणात आहे, खुंटा हाताने घासून गुळगुळीत झालेला. तिच्या ओव्यांतली एकही मी उतरवून घेतली नाही.