पट्टा कुठे अडकवायचा?

जुन्या पद्धतीच्या वस्तऱ्याने घरी दाढी करायची म्हटलं, की वस्तरा, ब्रश, साबण हे सगळं मिळून जातं. गाडी अडते ती भलत्याच ठिकाणी. पट्टा अडकवायचा कुठे? गेले दोन-तीन वीकेंड मी याच प्रश्नावर घालवलेत (रिलीज नव्हतं, म्हणून जमलं). वाचता वाचता मला असं वाटायला लागलंय, की दाढीचा अडीचशे वर्षांचा इतिहास हा बराचसा या पट्ट्याच्या जागेचाच इतिहास आहे.

आधी पट्टा म्हणजे काय ते. दगडावर घासून वस्तऱ्याला धार लावतात ती कधीतरी, काही महिन्यांनी. रोज दाढीआधी मात्र तो चामड्याच्या पट्ट्यावर ओढायचा असतो. त्याने धारेची बारीक वाकलेली कड सरळ होते. केसासारखी मऊ वस्तू पोलादाचं काय बिघडवणार, असं वाटेल. पण २०२० साली एमआयटीच्या संशोधकांनी सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं, की केस ब्लेडच्या धारेचे चक्क टवके पाडू शकतो.

पट्ट्यावर वस्तरा सपाट ठेवायचा. पाठ पुढे, धार मागे. टोकाला पोचलं की पाठीवरच उलटवायचा आणि परत यायचं. यात खरी गोम ही, की पट्टा ताणलेला हवा. सैल पडून मधे झोळी झाली, की चामडं धारेला वळसा घालतं आणि धार बोथट होते. म्हणजे एक टोक पक्कं, दुसरं डाव्या हातात, उंची साधारण कमरेच्या आसपास, कोपराला मोकळीक, उजेड, आणि मागून येऊन कुणी धक्का मारणार नाही याची खात्री. वन बीएचकेमध्ये अशी जागा शोधून बघा! बाथरूम दमट, चामड्याला वाईट. दाराच्या कडीला अडकवावा तर दारच हलतं. मी शेवटी खिडकीच्या गजाला अडकवला. उजेड छान येतो, समोरच्या बिल्डिंगमधल्या काकू मात्र रोज निरखून बघतात.

न्हाव्याला हा प्रश्न नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सेंट लुईसच्या कोकेनसारख्या कंपन्या सलूनच्या जडजूड लोखंडी खुर्च्या बनवत होत्या. पट्टा खुर्चीलाच टांगलेला. त्याच्यासाठी याहून सोयीची जागा कुठली? आपल्या गावच्या न्हाव्याकडे खुर्चीच नव्हती. धोकटीत वस्तरा, नराणी, वाटी, आरसा घेऊन तो गिऱ्हाइकाच्या ओसरीवर यायचा. आजोबा सांगायचे, त्यांचा न्हावी बोलता बोलता वस्तरा स्वतःच्या तळहातावरच फिरवायचा. जागेचा प्रश्नच मिटला! (हे घरी करून बघू नका.)

पंचाईत होती ती घरच्या घरी दाढी करणाऱ्याची. पॅरिसच्या जाँ-जाक पेरे नावाच्या कारागिराने १७६९ साली 'आपली दाढी आपण करा' हे शिकवणारं पुस्तक लिहिलं, तो या माणसाचा आद्यगुरू. मग अशा लोकांना पट्टे विकणारे आले. १७९० च्या दशकात लंडनच्या जॉर्ज पॅकवुडने पट्ट्याच्या जाहिरातींनी वर्तमानपत्रं भरून टाकली. १८३० च्या दशकात जॉन मेकीने 'जादूचा पट्टा' विकून इतका पैसा केला, की त्यातून एसेक्समध्ये जमीन घेऊन तो नामांकित शेतकरी झाला. पुढे क्रिमियाच्या युद्धानंतर (१८५३ ते १८५६) इंग्लंडात दाढी राखायची टूम निघाली आणि त्याचा पट्ट्यांचा धंदा बसला. फॅशनपुढे जादूसुद्धा चालत नाही.

आणि मग जिलेट. १९०३ साली त्याचे विकले गेले फक्त ५१ रेझर. पुढच्याच वर्षी तो आकडा नव्वद हजारांवर! आपण समजतो की जिलेटने ब्लेड विकलं. पण त्याच्या सुरुवातीच्या जाहिराती पाहिल्या तर ठळक अक्षरांत काय दिसतं? पट्टा नको, दगड नको. पातळ पोलाद कडक करायचं यंत्र विल्यम निकरसन या इंजिनिअरने जमवून दिलं (नाव मात्र झालं जिलेटचं, आमच्या क्षेत्रात हे नवीन नाही). माझ्या मते जिलेटने विकली ती पट्ट्यापासून सुटका. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्याने सुमारे ३५ लाख जिलेट रेझर घेतले. खंदकात हुक कुठे ठोकणार?

याला आणखी एक उत्तर होतं, आणि मला ते जास्त आवडतं. हेन्री गेस्मनच्या ऑटोस्ट्रॉप रेझरमध्ये पट्टा रेझरच्या डोक्यातूनच ओवायचा. मागेपुढे ओढलं की आतलं ब्लेड आपोआप उलटायचं. कोनाची, कौशल्याची चिंताच नाही. १९३० साली पेटंटच्या भांडणातून जिलेटला ही कंपनी विकत घ्यावी लागली. त्या व्यवहारात जिलेटने नफा फुगवून दाखवल्याचं बाहेर आलं आणि गेस्मनच जिलेटचा प्रमुख होऊन बसला. पट्टेवाला जिंकला, पण पट्टा हरला. दोन्हीकडे पैसा ब्लेडमध्येच होता.

आपल्या सलूनमध्ये पट्टा त्यानंतरही बरीच वर्षं टिकला. नव्वदच्या दशकात एड्सची भीती पसरली आणि 'नवीन ब्लेड टाक' हे वाक्य रुळलं. ते बरोबरही होतं. एकच वस्तरा आणि एकच पट्टा वीस जणांना, हे सांगायलासुद्धा नको. आता तो आपल्यासमोर कागद उघडतो, ब्लेड कट्कन मोडून अर्धं करतो आणि पात्यात सरकवतो. वस्तऱ्याचा आकार तेवढा जुनाच राहिलाय.