ऑल-माउंटन स्की : आधी कंबर पाहा, मग किंमत

रिसॉर्टमधील एकाच दिवसात स्कीअरला तीन-चार प्रकारचा बर्फ भेटतो. सकाळी यंत्राने दाबून, विंचरून ठेवलेली कडक पट्टी; दुपारपर्यंत तिचेच उकरले गेलेले भुसभुशीत ढिगारे; पट्टीच्या कडेला न दाबलेला मऊ बर्फ आणि तीव्र उतारावर शेकडो स्कीअरच्या वळणांनी तयार झालेले उंचवटे, म्हणजेच ‘मोगल’. या साऱ्यांवर एकच जोडी चालावी, या अपेक्षेतून ‘ऑल-माउंटन’ हा स्कीचा वर्ग निर्माण झाला. अमेरिका-युरोपात नोकरी-शिक्षणासाठी गेलेले मराठी तरुण दोन-तीन हंगाम भाड्याच्या स्कीवर काढतात आणि मग स्वतःच्या जोडीसाठी दुकानात शिरतात. तेथे भिंतीवर टांगलेली प्रत्येक स्की ‘सर्व प्रकारच्या बर्फासाठी’ असल्याचेच सांगितले जाते.

प्रत्यक्षात अशी स्की म्हणजे एक तडजोड असते. ती कोणत्या बाजूला झुकली आहे, हे एका आकड्यावरून बरेचसे कळते. स्कीवर सहसा तीन आकडे छापलेले असतात : पुढील टोकाची, मधली आणि शेपटीकडची रुंदी. यातील मधला, सर्वांत लहान आकडा म्हणजे स्कीची कंबर. स्लॅलम शर्यतीच्या स्कीची कंबर ६५ मिलिमीटरच्या आसपास असते, खोल ताज्या बर्फासाठीच्या स्कीची ११० किंवा त्याहूनही अधिक. साधारण ८० ते १०० मिलिमीटर हा ऑल-माउंटनचा प्रांत. ऐकायला हा फरक बोटभर रुंदीचा. परंतु ८२ आणि ९८ मिलिमीटरच्या स्की उतारावर दोन निराळ्या स्वभावाच्या ठरतात.

कडक बर्फावर वळण घेताना स्की आडवी कलते आणि तिची पोलादी कड बर्फात रुतते. शरीराचा भार बुटाच्या मध्यावरून खाली येतो, तर बर्फाचा विरोध कडेवर मिळतो. या दोहोंमधील अंतर म्हणजे कंबरेच्या निम्मी रुंदी. ६८ मिलिमीटरच्या स्कीत ते ३४ मिलिमीटर असते, तर १०० मिलिमीटरच्या स्कीत ५०, म्हणजे जवळजवळ दीडपट. स्कीच्या बुटाचा तळ पुढच्या बाजूस सुमारे ६९ मिलिमीटर रुंद असतो. त्यामुळे रुंद स्कीची कड बुटाच्या बाहेर राहते आणि स्की कलती धरून ठेवण्यासाठी घोटा व गुडघा यांना अधिक पीळ सोसावा लागतो. दिवसाअखेर पाय थकल्यावर हा पीळ अधिकच जाणवतो. खोल, मऊ बर्फात मात्र हीच रुंदी आधार देते. तेथे स्कीला रुतायचे नसते, तरंगायचे असते.

म्हणून पहिला प्रश्न ‘कोणती स्की सर्वोत्तम’ हा नसून ‘आपला बर्फ कोणता’ हा आहे. बोस्टनकर स्कीअर व्हरमाँटच्या डोंगरांवर जातो. तेथे बर्फ वितळून पुन्हा गोठतो आणि अनेकदा काचेसारखा कडक असतो. त्याला ८० ते ८८ मिलिमीटर पुरे. आल्प्समधील दाबलेल्या पट्ट्यांवर आठवडाभर हिंडणाऱ्यालाही तेच लागू. उलट युटामधील आल्टासारख्या रिसॉर्टवर हंगामात सरासरी सुमारे ५०० इंच हिमवृष्टी होते; तेथे राहणाऱ्याने ९५ ते १०० मिलिमीटरची स्की घेतली तर त्यात नवल नाही. कॅलिफोर्नियात लेक टाहोभोवतीचा बर्फ भरपूर, पण जड आणि ओलसर असतो. स्थानिक लोक त्याला ‘सिएराचे सिमेंट’ म्हणतात. तेथे नुसत्या रुंदीपेक्षा वजनदार, न थरथरणारी स्की उपयोगी पडते.

खरेदीतील नेहमीची चूक याच टप्प्यावर होते. ग्राहक वर्षातून आठ-दहा दिवस स्कीइंग करतो, त्यातील बहुतेक वेळ दाबलेल्या पट्टीवर असतो. पण स्की घेतो ती चित्रफितीत पाहिलेल्या कंबरभर बर्फासाठी. जे दोन दिवस खरोखर खोल बर्फ पडेल, त्या दिवसांपुरती रुंद स्की भाड्याने मिळते. उरलेल्या दिवसांचा हिशेब डोळ्यांसमोर ठेवलेला बरा.

स्कीचा आजचा आकार फार जुना नाही. १९९० च्या दशकापर्यंत सरळसोट, दोन मीटरच्या आसपास लांबीच्या स्की रूढ होत्या. १९९३ मध्ये स्लोव्हेनियाच्या एलान कंपनीने बारीक कंबरेची ‘एससीएक्स’ आणली आणि कडेवर कलून वळण घेणे सामान्य स्कीअरच्या आवाक्यात आले. याउलट दिशेचा प्रयोग २००२ मध्ये झाला. स्कीपटू शेन मॅकॉन्की यांच्या कल्पनेतून व्होलांट कंपनीने ‘स्पॅच्युला’ बनवली. तिची दोन्ही टोके वर उचललेली आणि मध्यभागच सर्वांत रुंद होता. प्रेरणा होती पाण्यावरच्या स्कीची. कडक बर्फावर ती जवळपास निरुपयोगी ठरे, पण खोल बर्फात लीलया फिरे. आजच्या ऑल-माउंटन स्कीत या दोन्ही प्रयोगांचा अंश आहे : पायाखाली किंचित कमान, म्हणजे ‘कॅम्बर’, आणि टोकांना उचल, म्हणजे ‘रॉकर’. कमान कडेला पकड देते, उचल मऊ बर्फात टोक बुडू देत नाही. रॉकर जितका लांब, तितका कडक बर्फाला टेकणारा भाग कमी, हे ध्यानात असावे.

आतील बांधणीकडेही पाहावे लागते. चांगल्या स्कीचा गाभा आजही लाकडाचाच असतो. त्यावर बहुधा ‘टायटॅनल’चे पातळ थर चढवतात. नावावरून टायटॅनियमचा भास होत असला, तरी हा ॲल्युमिनियमचा मिश्रधातू आहे. त्याने वेगात स्थिरता येते, पण वजन आणि ताठरपणाही वाढतो. फोल्कल या जर्मन कंपनीची ९६ मिलिमीटरची ‘मंत्रा’ या जातकुळीतली. ऑस्ट्रियाच्या ब्लिझार्डनेही ‘ब्रह्मा’ नावाची ८८ मिलिमीटरची स्की अनेक वर्षे बनवली. नावे ऐकून आपलेपणा वाटला, तरी दोन्ही स्की दमदार, तंत्र पक्के असलेल्या स्कीअरसाठीच्या. मध्यम तयारीच्या, हलक्या वजनाच्या व्यक्तीला धातू कमी असलेली किंवा नसलेली स्की अधिक सुखाची.

लांबीचा ढोबळ नियम हनुवटीपासून माथ्यापर्यंत असा आहे. वजन अधिक, वेग अधिक किंवा रॉकर मोठा असल्यास माथ्याकडे झुकावे. वळणाची त्रिज्याही स्कीवर छापलेली असते. १५ ते १८ मीटर हा रिसॉर्टसाठीचा सोयीचा पल्ला.

इतका विचार करून स्की निवडणारे ग्राहक बाइंडिंगबाबत मात्र निष्काळजी असतात. पडताना बुटाला स्कीपासून सोडवणारी ही यंत्रणा. ती किती जोरावर सुटावी याचा आकडा वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि स्कीइंगची पद्धत यांवरून ठरतो. पन्नाशीपुढील स्कीअरसाठी तो कमी ठेवतात. मित्राची जोडी तशीच उसनी घेणे म्हणजे त्याच्या वजनाचा आकडा आपल्या पायाला लावणे. आकडा जास्त असला तर पडताना स्की सुटत नाही, कमी असला तर नको तेव्हा सुटते. शिवाय अचूक बसवलेली बाइंडिंगही मुख्यतः नडगीचे हाड वाचवण्यासाठी घडवलेली आहे. गुडघ्यातील अस्थिबंध वाचेलच, अशी हमी ती देत नाही. जुनी जोडी स्वस्तात मिळत असेल तर आणखी एक अडचण असते. ज्या बाइंडिंगची जबाबदारी आपण घेतो त्यांची यादी कंपन्या दरवर्षी देतात. यादीतून गळालेली बाइंडिंग दुकानदार हातात धरत नाहीत. बुटांचे तळही आता एकाच प्रकारचे उरलेले नाहीत. ‘ग्रिपवॉक’ तळाचा बूट जुन्या बाइंडिंगमध्ये बसेलच असे नाही. म्हणून आधी पायाला बेतशीर बूट घ्यावेत आणि पैसे अपुरे पडत असतील तर ते बुटांवर खर्च करून स्की भाड्याने घ्यावी.

अनेक रिसॉर्टच्या पायथ्याशी नव्या स्की एक-दोन दिवस वापरून पाहण्याची सोय असते. सकाळच्या कडक पट्टीवर आणि दुपारच्या उकरलेल्या बर्फावर एकच स्की चालवून पाहावी. फरक पायांना कळतो.

गुलमर्गचे गणित थोडे वेगळे आहे. तेथील गोंडोलाचा पहिला टप्पा १९९८ मध्ये आणि अफरवतच्या उंचीपर्यंत नेणारा दुसरा टप्पा २००५ मध्ये सुरू झाला. खालच्या सौम्य उतारांवर शिकणाऱ्यांना अरुंद, मऊ स्कीच हवी. दुसऱ्या टप्प्यावरील विस्तीर्ण उतार बहुतांशी न दाबलेले. तेथे १०० मिलिमीटरच्या पुढची स्की शोभते. मात्र अशा उतारांवर हिमप्रपाताचा धोका असतो. स्की कितीही रुंद असली तरी बीकन, फावडे, शोधकाठी आणि जाणकार वाटाड्या यांच्याविना तिकडे वळू नये.