डुकराचा दोष की माणसाचा? पट्टकृमीची साखळी आणि वऱ्हाडातला खराटा

१/ गावात मोकाट डुकरे दिसली की दोष त्यांच्यावर आणि ती पाळणाऱ्यांवर जातो. पट्टकृमीचा इतिहास निराळी साक्ष देतो.

२/ डुकराच्या मांसातील गारांसारख्या गाठींची नोंद ॲरिस्टॉटलने इसवी सनपूर्व चौथ्या शतकात केली. माणसाच्या आतड्यातील लांब कृमीही वैद्यांना ठाऊक होता. ही दोन्ही एकाच जीवाची रूपे आहेत, हे कळायला दोन हजारांहून अधिक वर्षे लागली.

३/ १८५३ साली बेल्जियमच्या व्हॅन बेनेडेन यांनी कृमीची अंडी डुकराला खाऊ घातली. त्याच्या स्नायूंत गाठी झाल्या. १८५५ साली जर्मन वैद्य क्यूखेनमाइस्टर यांनी देहदंड झालेल्या कैद्याला अन्नातून अशा गाठी दिल्या. मृत्यूनंतर त्याच्या आतड्यात कोवळे पट्टकृमी सापडले. शोध थोर, रीत निर्दय.

४/ साखळी अशी : माणसाची उघड्यावरील विष्ठा डुक्कर खाते, त्याचे कच्चे राहिलेले मांस माणूस खातो. अंडी अस्वच्छ हात, पाणी वा भाजीतून माणसाच्याच पोटात गेली, तर गाठी मेंदूत होऊन फेफरे येऊ शकते. म्हणून मांस न खाणाराही सुरक्षित नाही.

५/ आता वऱ्हाड. अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी १८७६ साली जन्मलेले डेबूजी झिंगराजी जानोरकर, म्हणजे गाडगेबाबा, १९०५ साली घराबाहेर पडले. दिवसा हाती खराटा, रात्री कीर्तन. कृमिशास्त्र त्यांनी वाचले नव्हते. पण गावाची घाण गावानेच काढावी, हा त्यांचा आग्रह नेमका साखळीच्या पहिल्या कडीवर पडत होता.

६/ डुकरे पक्क्या गोठ्यात आली की ही साखळी तुटते, कारण विष्ठेशी संबंधच उरत नाही. पेंढ्याची गादी वा मोकळे कुरण दिले, तर प्राण्याला सुख मिळते. पण गोलकृमीची अंडी मातीत वर्षानुवर्षे टिकतात. मग कुरण पालटणे, विण्यापूर्वी मादीला जंतनाशक देऊन धुणे आणि पेंढा तापवून कुजवणे ओघानेच आले.

७/ बाबा २० डिसेंबर १९५६ रोजी वलगावजवळ निवर्तले. २०००-०१ मध्ये राज्याने ग्रामस्वच्छता अभियानाला त्यांचे नाव दिले. औषध कृमी मारते; शौचालय त्याची वाट अडवते. डुक्कर या साखळीतली मधली कडी आहे. पहिली आणि शेवटची आपणच.